काटा हलत नव्हता

“थांब, थांब. म्हणू नको अजून.” वामनने हात वर केला आणि सुशीलाने गाण्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं.

माईकसमोरच्या खुर्चीत ती ताठ बसली होती. विहारात वंदनेला बसते तशीच, पांढरं लुगडं नेसून. वामन मात्र एका जागी टिकत नव्हता. हेडफोन कानाला लावायचा, काढायचा, मीटरकडे जायचा, खिडकीतून शेजारच्या विनोदच्या संत्र्याच्या बागेकडे बघायचा, की परत मीटरकडे. पायाला भिंगरी लागली होती त्याच्या.

“आता काय झालं?”

“घरघर येऊन राहिली. बागेतल्या मोटारी सुरू झाल्या ना, व्होल्टेज बसलं.”

“मले तं काई आयकू येत नाई.”

“तुले नाई येनार. मले येते.”

उद्या सकाळी त्यांची मुलगी करुणा नागपूरहून गाडी घेऊन येणार होती आणि परवा सुशीलाच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ निघेल, जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. अंगणवाडीत जन्मभर पोरं गोळा करणारा, पौर्णिमेला अख्ख्या वस्तीला विहारात ओढून आणणारा तो आवाज. त्या दिवशी नागपूरहून परतल्यावर घराचं कुलूप काढताना वामन एवढंच म्हणाला, “रेकॉर्ड करू. पन चांगलं करू.”

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. करुणा म्हणाली, मोबाईलवर करा. वामनने तिला फोनवरच झापलं. मोबाईलमध्ये तुझी आई डबीत कोंडल्यासारखी बोलते म्हणाला. त्याच्याकडे स्वतः बांधलेला, जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, माईकचा आवाज वाढवणारा प्रीअँप होता, पांढुर्ण्याच्या स्टेशनजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाचा. विहारातला माईक कितीतरी वर्षं त्यातूनच बोलला. त्यातून सुशीलाचा आवाज सुशीलाचाच यायचा. फक्त त्याला वीज स्थिर लागायची, आणि सौंसरच्या या टोकाला वीज कधी स्थिर नव्हती. बागांना आणि वस्तीला वीज देणारी डीपी एकच. थ्री-फेज आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम उठायच्या आणि घरातले दिवे मान टाकायचे.

म्हणून वामन वीज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बांधायला बसला. तोही व्हॉल्व्हचाच, कारण घरात पेटीभर व्हॉल्व्ह पडून होते आणि माणूस हट्टी होता. एका व्हॉल्व्हने दारावर उभं राहून वीज आत सोडायची, दुसऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची, आणि तिसऱ्या, गॅस भरलेल्या व्हॉल्व्हने जांभळा उजेड देत माप दाखवायचं: एवढंच, याहून कमी नाही की जास्त नाही. कागदावर सगळं सोपं होतं. पण दारावरच्या व्हॉल्व्हचा फिलामेंट त्याने घाईत ट्रान्सफॉर्मरच्या बाकीच्यांच्याच वाईंडिंगवर, तारेच्या त्याच गुंडाळीवर जोडला आणि कडकड सुरू झाली. त्याला वेगळं वाईंडिंग द्यावं लागलं. मग ट्रान्सफॉर्मर कमी पडू लागला. बाहेर व्होल्टेज बसलं की दारावरच्याकडे आत सोडायला काही उरतच नसे. मग ट्रान्सफॉर्मर उसवून वामनने तारेचे जास्तीचे वेढे घातले, व्होल्टेज थोडं हाताशी राहावं म्हणून. दुकान बंद पडल्यावर त्याने गावोगावच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून दिली होती, वेढे घालायला तो कोणाच्या बापाला हार जात नव्हता. त्यात दिवस गेले. सुशीला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत वाट बघत राहिली.

“विनोदले जाऊन सांगतो, घडीभर मोटार बंद कर मनून,” वामन चपला शोधू लागला.

“त्याच्या झाडाले पानी नको का? लाईट किती वेळ राह्यते?”

तोवर तो अंगणाबाहेर पडलासुद्धा.

विनोद बागेत पाइप ओढत होता. वामनने घाईघाईने सांगितलं. विनोदने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वामनकडे.

“बहाराचं पानी हाये भाऊ, याच्यावरच झाड फुलते. पर वहिनीसाठी ना? घ्या, बंद करतो. बाजूवाल्यालेही सांगतो.”

मोटारी थांबल्या. वामन धापा टाकत घरी आला. सुशीलाने पदर सारखा केला, खाकरली, तोंड उघडलं.

“थांब!”

“आता कायची घरघर?”

“पंख्याची असन.”

सुशीलाने वर पाहिलं. पंखा बंद होता. ती खुर्चीतून उठली, वामनच्या कानावरचा हेडफोन काढून तिने स्वतःच्या कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग कोनाड्यातला फोन उचलला.

“विनोदभाऊ, चालू करा जी मोटारी. हो, साऱ्याच.”

“काऊन चालू कराले लावतं?” वामन ओरडला.

बागेत मोटारी एकामागून एक उठल्या. खोलीतला बल्ब पिवळा पडला. सुशीला रेग्युलेटरच्या मीटरकडे बघत उभी होती. काटा हलत नव्हता. हेडफोनमध्ये घरघर नव्हतीच, ऐकू येत होता तो फक्त तिचा श्वास.

“कवापासून नीट चालू हाये हे?”

वामन स्क्रूड्रायव्हर उचलून काहीतरी शोधू लागला.

“मी इचारून राहिली तुमाले.”

“इतवारी झालं.”

“आन् मंग येवढे दिवस?”

“मंग काय! रेकॉर्ड झालं का झालं. मंग तू ऑपरेशनले जाशीन. जोवर होत नाई तोवर...” तो कॉटवर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

सुशीलाला त्याची दया आली, पण त्याच्याही आधी राग आला.

“इतवारी माहा आवाज साबूत होता,” ती म्हणाली. “आता पाहा कसा झाला तं. भेव तुमालेच लागते का? मले नाई लागत?”

वामनने डोळे पुसले आणि रेकॉर्डरचं बटण दाबलं.

तिने वंदना सुरू केली. खालच्या सुरात आवाज भरदार लागला. वर चढताना मात्र तो मधोमध फाटला. ती थांबली, खोकली आणि तिथूनच पुन्हा म्हणाली. पुन्हा फाटला. कुठे घरघर नव्हती, खरखर नव्हती, त्यामुळे तो फाटलेला आवाज स्वच्छ ऐकू येत होता. हे आपण केलं, असं वामनला वाटलं आणि त्याचा हात बटणाकडे गेला. सुशीलाने डोळ्यांनीच नाही म्हटलं. एकही ओळ न गाळता तिने वंदना शेवटपर्यंत नेली.

“बंद नका करू,” ती म्हणाली. पाणी प्यायली. मग माईककडे न बघता, रोज स्वयंपाकघरातून मारते तशी तिने हाक मारली:

“अवो, या ना जेवाले! थंडं होऊन राहिलं!”

या हाकेत आवाज कुठेच फाटला नाही.

लग्न झाल्यापासून वामन या हाकेला “आलो” म्हणायचा आणि हातातल्या कामावरून अर्धा अर्धा तास उठायचा नाही. आता तो “आलो” म्हणाला आणि लगेच उठला. रेकॉर्डर चालूच राहिला. स्वयंपाकघरात गॅसवर काही नव्हतं, सकाळपासून कोणी काही शिजवलंच नव्हतं. तो आपल्या जागी मांडी घालून बसला. सुशीला मागून आली, तिने परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं.