आमच्या प्रकाशनाचं पहिलं पुस्तक

उद्घाटनाच्या दिवशी मी आईविषयी बोलले आणि तिथेच माशी शिंकली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, तो चालवणाऱ्या ऑपरेटरबाई, मी आणि भागीदार म्हणून माझी मैत्रीण, एवढाच आमचा संसार. बायकांची पुस्तकं काढायची आणि त्यांच्या शब्दाला कात्री लावायची नाही, असं आम्ही छातीठोकपणे जाहीर केलं होतं. माणसं जमली होती. मी माईक घेतला आणि लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट सांगितली: आईला परगावच्या मोठ्या इस्पितळात हेडनर्सची जागा चालून आली होती, पण मला दमा, म्हणून तिने ती हसत हसत सोडली. "हे प्रकाशन त्या त्यागाला अर्पण," असंही वर म्हणाले. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत ढिम्म बसून होती.

काही दिवसांनी ती जिना चढून आली आणि टेबलावर कागदांचा गठ्ठा आदळला.

"माझी गोष्ट मी लिहिलीय. यापुढे तू सांगायची नाहीस."

"अगं, आधी बस तरी."

"बसायला नाही आले. छापणार की नाही, तेवढं बोल."

मैत्रिणीने सगळं आधी वाचलं. "पहिलं पुस्तक हेच," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघायचं टाळत होती. का, ते मी वाचल्यावर कळलं. आईने हसत हसत काहीच सोडलं नव्हतं. आजीने मला सांभाळायला साफ नकार दिला, आणि बाबांनी आईला न विचारता इस्पितळाला नकाराचं पत्र पोस्टात टाकलं. त्यापुढे हे होतं: "रात्रभर ती खोकायची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मनात म्हणायचे, ही गेली तर मी सुटेन."

मला भयंकर संताप आला. तो कागद मी फाडला आणि ऑपरेटरबाईंना सांगून तेवढा मजकूर उडवला. दुसऱ्या कुणा बाईचं वाक्य असतं, तर मी ते मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात घातलं असतं, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

प्रुफं आईकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हजर.

"माझं वाक्य कुठंय?"

"लोक काय म्हणतील तुला?"

"मला की तुला?"

"मला! झालं समाधान?" मी ओरडले. खालचा सायकलवाला ठोकायचा थांबला. "आजारी पोर होते मी. माझा काय दोष होता?"

"काही नव्हता. माझाही नव्हता. सासूने मला गप्प केलं, नवऱ्याने केलं. त्यांनी निदान घरात केलं. तू तर त्याचं दुकान थाटलंस!"

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तीही माझ्या बाजूने नव्हती. "ते वाक्य नसेल, तर मी आजच भागीदारी सोडते," ती म्हणाली.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी ऑपरेटरबाईंना म्हटलं, "घाला परत." त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. "मॅडम, मला पोरगी आहे. एकदा केलं, आता पुन्हा हे मी नाही टाइप करणार." आणि डबा उचलून त्या गॅलरीत निघून गेल्या.

"मूळ कागद आण," आई म्हणाली.

"फाडला."

"शाब्बास. मग मी सांगते, तू लिही."

मी ऑपरेटरबाईंच्या खुर्चीत बसले. आई माझ्या मागे उभी राहिली आणि शाळेत शुद्धलेखन घालतात तसं सावकाश सांगू लागली.

"रात्रभर ती खोकायची."

लिहिलं.

"मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मनात म्हणायचे, ही गेली तर मी सुटेन."

माझी बोटं चुकली, पुन्हा चुकली. मी नीट करेपर्यंत आई थांबली. मग मीही तशीच थांबले. इतकी पुस्तकं वाचलीत मी, अशा वाक्यापुढे 'पण' येतोच. एवढ्या वर्षांत तिला माझ्याबद्दल एखादा 'पण' सुचला असेलच की. मला तो फार हवा होता.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही," आई म्हणाली. "पूर्णविराम दे."