अस्तराला पडलेली सुरकुती

माझ्या सासुरवाडीत देवाची शपथ खोटी घेतली तर चालते, कात्रीची नाही. सासरे शिंपी होते. ते गेले तेव्हा मागे एक घर, एक बायको, दोन मुली आणि एक जाडजूड काळी कात्री ठेवून गेले, आणि यातल्या फक्त कात्रीला मखमली पिशवी होती. त्या कात्रीने कापडच कापायचं. कागदाला लावली की धार गेली, आणि धार गेली की बाबा गेले, असा एकूण प्रकार. बाबा आधीच गेलेत, हे कोणी लक्षातच घेत नव्हतं.

तर माझ्या मेहुणीने, म्हणजे धाकटीने, कुठल्याशा भेटवस्तूचा चकचकीत कागद त्या कात्रीने कापला. माझ्या बायकोने ते पाहिलं. झालं! हिने डोक्यात राख घालून घेतली, धाकटीने जुनी उणीदुणी काढली, हिने त्याहून जुनी काढली, आणि तेव्हापासून दोघी बहिणींचा अबोला. दोन वर्षं. एका कागदापायी. मी मध्ये पडलो तर दोघींनी मिळून मला झापलं. त्यांचं एकमत झालेलं ते शेवटचं.

सासूबाई मात्र खंगत चालल्या होत्या. रविवारी एक मुलगी सकाळी यायची, दुसरी संध्याकाळी. दोघींचे चहाचे कप ही बाई एकत्र धुवायची आणि शेजारी शेजारी पालथे घालायची. मला ते बघवायचं नाही.

त्यांना आशा होती ती रजईची. नातवंड घर सोडून बाहेर निघालं की सासूबाई त्याला रजई शिवून देतात, आणि आता आमची लेक शिकायला परगावी निघाली होती. रजईला तीन थर. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापसाची लादी, खाली अस्तर. मशीनवर घालायच्या आधी हे तिघे एकमेकांना कच्च्या टाक्यांनी पकडून ठेवावे लागतात, नाहीतर शिवताना तिघांची तोंडं तीन दिशांना होतात. ते टाके घालायला या घरात चार कोपऱ्यांवर चार माणसं बसतात आणि मधून कडेकडे रांगत जातात. सासूबाई, दोघी मुली आणि वजन म्हणून मी. चांगलं दोन दिवसांचं काम. एका फरशीवर दोन दिवस रांगताना दोघी बोलल्याशिवाय जातील कुठे, असा सासूबाईंचा डाव होता.

डाव बायकोच्याही लक्षात आला. म्हणून तिने स्प्रे आणला.

"हे काय गं?" सासूबाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला.

"चिकट स्प्रे. थरांवर मारायचा, वरून हात फिरवायचा, की बसले एकमेकांना. तासाभराचं काम. पहिल्या धुण्यात निघूनही जातो." मग आवाज जरा चढवून ती म्हणाली, "कुणाला बोलवायची गरज नाही."

सासूबाईंचा चेहरा असा पडला की मी मनातल्या मनात बायकोला दोन शिव्या दिल्या. मोठ्याने द्यायची माझी छाती नाही.

"आणि चुकीचं चिकटलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"सोडवायचं आणि परत लावायचं. टाके उसवायची भानगड नाही."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "मग मारा की."

अस्तर उलटं पसरून आम्ही त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला ताणून लावल्या. फरशी खराब होऊ नये म्हणून कडांखाली वर्तमानपत्रं सरकवली. बायकोने डबा हलवला आणि फवारा सोडला. वासाने माझं डोकं भणभणलं, म्हणून मी पंखा लावला. हा माझा शहाणपणा. अर्धा फवारा रजईवर, उरलेला माझ्या चष्म्यावर. बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी चष्मा पुसला तर रुमालच काचेला चिकटला. त्या धुक्यातून मला दिसलं, की सासूबाईंनी पायाच्या अंगठ्याने एका कोपऱ्याची पट्टी उचकटली आणि अस्तर हळूच आत सारलं. पण खात्रीने कसं सांगणार? मला तेव्हा भिंत आणि बायको यांतलाही फरक कळत नव्हता.

वरचा थर बसला. हात फिरवून झाले. मग सासूबाईंनी कड उचलून खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगंबाई! अस्तराला सुरकुती!"

सुरकुती कसली, चांगली बोटभर जाडीची वळकटी होती, पार मधोमध गेलेली. आता सगळं सोडवायचं, आणि तेही चारी कोपरे एकदम उचलून, नाहीतर कापूस फाटणार.

"शेजारच्या काकूंना हाक मारते," बायको म्हणाली.

"माझ्या अस्तराची सुरकुती शेजारीण बघणार? त्यापेक्षा पोरीला थंडीत कुडकुडू दे. जावईबापू, धाकटीला फोन लावा."

धाकटी आली. दारातच चपला काढत मला म्हणाली, "भावोजी, माझा कोपरा कुठला?"

"तिला म्हणावं, खिडकीकडचा," बायको मला म्हणाली.

"खिडकीकडचा," मी म्हणालो. दोघींच्या मध्ये तीन पावलांचं अंतर आणि मी टेलिफोन.

"भावोजी, तिला म्हणावं, इतकं ताणू नको."

"तिला म्हण, मी ताणत नाही, तीच ढिलं सोडतेय."

मग कापसाने चर्र आवाज केला आणि दोघी एकदम ओरडल्या, "अगं हळू!" मधला टेलिफोन तिथेच बंद पडला. पुढे "उचल", "धर", "तुझ्याकडून सोड", असं सरळ सुरू झालं, रागातच, पण सरळ. सासूबाई मान खाली घालून आपला कोपरा सोडवत होत्या. ताकास तूर लागू देईनात.

सुरकुती गेली. थर पुन्हा बसले. कडेचं जादा अस्तर छाटायला बायकोने मखमली पिशवीतून ती कात्री काढली आणि ऐटीत, एका दमात, सगळी लांब बाजू कापत नेली. कर्र, कर्र, कर्र.

कापडाचा असा आवाज होत नाही.

धाकटीने ती पट्टी उचलली. तिच्या खालून वर्तमानपत्र लोंबत होतं, अस्तराला घट्ट चिकटलेलं आणि अगदी सरळ रेषेत कापलेलं. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटीला दोन वर्षांत याहून मोठी संधी मिळाली नसती. मी डोळे मिटून घेतले.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुझी रेघ किती सरळ येते गं. अगदी बाबांसारखी."

बायको रडायलाच लागली. मग धाकटीही. आता काय करावं ते मला कळेना, तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"रडताय कशाला? तुमचे बाबा त्या कात्रीने पायाची नखं कापायचे."

दोघी थिजल्या. "आई!"

"दुकान बंद करून. रोज नाही, लागतील तशी. आणि तुम्ही बसा कागदावरून भांडत."

आधी धाकटीला हसू फुटलं, मग बायकोला, आणि हसता हसता दोघी रजईवर आडव्या झाल्या. उठल्या तेव्हा दोघींच्या केसांत कापूस होता. संध्याकाळ झाली तरी गप्पा संपेनात. मी चहाचं बघायला आत गेलो, तर सासूबाई कप मांडत होत्या, दोघींचे एकदम.

"सुरकुती तुम्हीच घातलीत ना?" मी हळूच विचारलं.

"जावईबापू, शिंप्याची बायको आहे मी. आपोआप पडेल होय माझ्या अस्तराला सुरकुती?"

"आणि ते नखांचं?"

त्यांनी बाहेरच्या हसण्याकडे कान दिला.

"ते कात्रीला मलासुद्धा हात लावू देत नव्हते. नखं मीच कापायचे त्यांची, शेवटपर्यंत, नेलकटरने." त्यांनी दोन्ही कपांत साखर घातली. "पण पोरींसाठी एवढी बदनामी सोसतील ते."