रिकाम्या नळ्या

चाळण्याचा राग कायम नाकावर. सरोवराच्या तळाचा चिखल उपसून चाळायचा, म्हणून लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. शिव्या मात्र त्यानं कधी चाळून दिल्या नाहीत.

त्या चिखलात चिलटांच्या लाल अळ्या असतात. काचेच्या पेटीतले शोभेचे मासे त्या मिटक्या मारत खातात, म्हणून दुकानदार घेतात. पण अळी काही सगळीकडे मिळत नाही. काठच्या वाळूत औषधालाही नाही, नदी येऊन मिळते तिथल्या कुजक्या पाल्यात थोड्याफार, आणि पंपघरासमोरच्या खोल, काळ्या, मऊ गाळात मात्र नुसता बुजबुजाट. ती जागा चाळण्याला ठाऊक, आणि बोटीवर त्याच्यासोबत राबणाऱ्या त्याच्या मेहुण्याला. तिसऱ्याला नाही.

आणि काल तिथंच चाळण रिकामी आली.

घरी येऊन चाळण्यानं आधी भांडी आदळली. "तुझ्या भावानं जागा फोडली कुणाला तरी! माझ्या पाठीमागं सगळं उपसून नेलं!"

बायको परवाच्या अळ्या निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "मागं त्याचा दात पाडलात, तेव्हा मी गिळलं. आता त्याच्या अंगाला बोट लावलंत, तर मी या घरात नाही. सांगून ठेवते."

ती बोलेल ते करणारी बाई होती. ती गेली तर आपण संपलो, हे चाळण्याला पक्कं माहीत होतं. म्हणून सकाळी तो दातओठ खात, पण गप्प, बोटीत बसला.

जागेवर पोचल्यावर मेहुण्यानं लोखंडी पंजा दोरानं खाली सोडला. तळाला टेकल्यावर झटका दिला की त्याचे दोन जबडे मिटतात आणि घासभर तळ वर येतो. तो चाळणीत टाकून धुतला. गाळ वाहून गेला आणि मागं उरल्या चिखलाच्या बारीक नळ्या. अळ्यांची घरंच ती. एकूण एक रिकामी.

"भाऊजी, हे बघा तरी," मेहुणा म्हणाला. "चोरानं उपसलं असतं तर नळ्या राहिल्या असत्या का? चिखलाबरोबर त्याही गेल्या असत्या. अळ्या आपल्या आपण..."

"मला शिकवतोस? माझ्याच बोटीत?"

"शिकवत नाही हो! नुसत्या नळ्या बघा..."

चाळण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वल्ह्याचं पातं मेहुण्याच्या तोंडावर बसलं आणि तो पाण्यात पडला. वर आला तो रक्त थुंकत, आणि त्यानं बोटीची कड धरली. चाळण्यानं त्या बोटांवर बूट हाणला. पुन्हा हाणला. हाडं मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि खोटं कशाला सांगू, त्याला बरं वाटलं.

मग बोटं सुटली. पांढरा सदरा खाली खाली जाताना दिसला, तेव्हा मात्र चाळण्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे! अरे, धर ना!" तो ओरडला. कोण धरणार, आणि कशानं? त्यानं पंजा उचलून सदऱ्यावरच सोडला आणि झटका दिला. दोराला वजन लागलं. जबड्यांनी सदऱ्यासकट खांद्याचं मांस धरलं होतं. तसंच ओढून त्यानं मेहुण्याला बोटीत घेतलं, पालथं घातलं, पाठीवर बुक्क्या मारल्या. मेहुणा पाणी ओकला आणि कण्हायला लागला.

परतताना चाळण्याला पाण्यावर कोंड्यासारख्या साली तरंगताना दिसल्या. पाहता पाहता पाण्यातूनच चिलटं उठायला लागली. दरवर्षी ती ऊन चांगलं तापल्यावर निघत. यंदा पाणी लवकरच कोमट झालं होतं, आणि त्याच पाण्यात चाळण्या रोज हात बुडवत होता. अळ्या कुणीही नेल्या नव्हत्या. त्यांना पंख फुटले होते.

दारातच बायकोनं किंकाळी फोडली. "अगं बाई गं! कुणी मारलं तुला?"

"पंजा सुटला, ताई," मेहुणा सुजलेल्या ओठांतून म्हणाला. "भाऊजींनीच वाचवलं."

सुटलो, असं चाळण्याला वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली.

ती भावाचं रक्त पुसत होती. फडक्याला चिलटं चिकटत होती, पातेल्यातल्या पाण्यात पडत होती. तिनं खिडकीकडे पाहिलं. काच चिलटांनी करडी झाली होती.

"यंदा लवकर निघाली," ती म्हणाली. मग हात थांबला. "चाळणीत रिकाम्या नळ्या होत्या? यानं दाखवल्या तुम्हाला?"

तिच्या मागून मेहुण्यानं मान हलवली. नाही म्हणा, भाऊजी, नाही म्हणा.

"होत्या. दाखवल्या," चाळण्या म्हणाला.

तिनं भावाचा हात फडक्यात बांधला, त्याला काखेत धरून उठवलं.

"दवाखान्यात मी नेतो. चुकलो गं मी..."

"तुम्ही नका येऊ. आजही नको, नंतरही नको." उंबऱ्यावर ती वळली. "तुम्ही बसा चाळत."

दोघं रस्त्याला लागली. चाळण्यानं हाक मारायला तोंड उघडलं, तर आत चिलटं गेली.