साहेबाचं बाकडं

आमच्या चर्चमधलं पहिलं बाकडं रिकामं असतं. चुकून राहिलेलं रिकामं नव्हे, मुद्दाम ठेवलेलं. नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठी आमचं गाव. तिथलं हे दगडी देऊळ सव्वाशे वर्षांचं. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण ते सागवानी बाकडं अजून मिशनच्या गोऱ्या 'साहेबाचं'च आहे. नाताळला माणसं दाराबाहेर उभी राहतात, पोरं खिडकीत चढतात, तरी पुढची जागा तशीच. बाकड्यामागेही पाचसहा हात मोकळे सोडलेले, साहेबाच्या पाठीशी गर्दी नको म्हणून. मग पुरुषांची बाकडी, आणि पार मागे दाराशी सतरंजीवर बायका. वेताची बैठक सैल पडली म्हणून पंचकमिटीने दोनदा नगरहून कारागीर आणून ती विणून घेतली. कुणी बसत नाही तर वेत सैल कसा पडतो, हे विचारायची सोय नाही. मी शाळामास्तरीण, मला विचारायची खोड. पण सून म्हणून आले त्या वर्षीच कळलं, की ह्या एका बाबतीत हाताची घडी, तोंडावर बोट.

बाकडं पुसायचं काम माझ्या सासूबाईंचं. हन्नाबाई, वय एक्क्याऐंशी. लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर शनिवारी तेलाचा बोळा घेऊन त्या देवळात. साठ वर्षं. "आत्याबाई," मी चिडवायचे, "एवढं तेल मामंजींच्या डोक्याला घातलं असतं तर टक्कल पडलं नसतं." त्या हसायच्या, पण हात थांबायचा नाही.

यंदा पेच पडला तो माझ्या लेकीमुळे. एंजेला पुण्याहून धर्मशास्त्र शिकून आली आणि ईस्टरनंतरच्या रविवारी तिला पहिला उपदेश करायला मिळाला. आमच्या व्यासपीठावर आजवर बाई उभी राहिली नव्हती. विषय तिने घेतला पवित्र शास्त्रातल्या हन्नेचा, आजीच्या नावाच्या बाईचा. आजीने तो ऐकावा एवढीच तिची हौस, आणि आजीला ऐकू येत नाही. कानातलं मशीन त्या दगडी भिंतींत शिट्ट्या मारतं. माईक लावला तर आवाज आणखीच घुमतो. एका शनिवारी आजी पुसत असताना एंजेलाने व्यासपीठावरून नुसतं बोलून पाहिलं होतं, तेव्हा आत्याबाईंनी बाकड्यापाशी उभं राहून शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. तेवढी एकच जागा होती.

मी पंच दानीएलकाकांकडे गेले. म्हटलं, "काका, आत्याबाईंसाठी पुढं एक खुर्ची टाकू या."

"बाकड्याच्या म्होरं?" काका दचकलेच. "पाठ व्हईल की साहेबाकडं!"

"कोणत्या साहेबाकडं, काका?"

काका चिडले नाहीत. ओट्यावर टेकले. "ग्लोरिया, तू शिकल्याली हायेस. माझ्या आज्याला गावच्या चावडीची पायरी चढू देत नव्हते. साहेबानं त्याला छताखाली घेतलं. मागं का हुईना, आत घेतलं. त्याची जागा आमी राखली तर काय बिघडलं?"

मी भांडायच्या तयारीने गेले होते, तशीच परत आले. काय बिघडलं ते मलाही नीट सांगता येईना. गावाने बाहेर ठेवलं, साहेबाने आत घेऊन मागे बसवलं, हे खरंच होतं. पण तो गेल्यावरही आम्ही मागेच का, हे काकांना विचारायचा मला धीर झाला नाही. दोन वेळा भात करपवला त्या दिवशी मी.

एंजेला बापावर गेलेली, न बोलता काम करणारी. तिने चर्चच्या कपाटातून जुनी नोंदवही काढली, त्या काळच्या उपदेशकाने मराठीत लिहिलेली. तिसऱ्या दिवशी जेवताना आजीच्या कानाशी तोंड नेऊन तिने ती मोठ्याने वाचली. ज्यांच्यासाठी बाकडं होतं ते मोठे साहेब चाळीस वर्षांत चार वेळा आले होते. पहिल्यांदा, 'घोड्यावरूनच देऊळ पाहिले व प्रसन्न झाले.' दुसऱ्यांदा, 'दारापर्यंत आले. आत हवा कोंदट वाटल्याने थांबले नाहीत.' तिसऱ्यांदा, 'गावात पटकी असल्याने वेशीवरून परतले.' चौथ्यांदा, 'मंडळी सकाळपासून रस्त्यावर उभी होती. मोटार न थांबता पुढे गेली.' त्यानंतर कुणी आल्याची नोंद नाही.

त्या बाकड्यावर कुणी कधी बसलंच नव्हतं.

राग यावा अशी ही गोष्ट. पण ती एवढी मोठी होती, की राग तिला पुरेना. जो माणूस आत आलाच नाही, त्याने बोटही न लावता आमच्या चार पिढ्या मागे बसवून ठेवल्या होत्या. केवढी ताकद ही! कुठून आली असेल?

आत्याबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. "मंग मी कुनाची धूळ पुसत हुते?"

त्या शनिवारी त्या पुसायला गेल्या नाहीत.

रविवारी मी विनवलं, "आत्याबाई, पुढं बसा. मी बघते कोण काय बोलतंय ते." त्यांनी मान हलवली. "पोरीचा पयला दिवस हाय. माझ्यापायी तंटा नको." आणि त्या दाराशी आपल्या जागेवर बसल्या, शेजारच्या मालनबाईंजवळ. दोघी चाळीस वर्षं तिथे मांडीला मांडी लावून बसतात.

एंजेला उभी राहिली. पांढरी साडी, हातात कागद. तिने सुरुवात केली आणि मी सतरंजीच्या पुढच्या टोकावरून मागे वळून पाहिलं. आत्याबाईंची नजर पोरीच्या ओठांवर खिळली होती. त्यांचे स्वतःचे ओठही हलत होते, पण त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भानही नव्हतं.

मग त्या काठी टेकत उठल्या.

मधल्या वाटेने त्या पुढे निघाल्या. एंजेला बोलायची थांबली. फक्त फरशीवर काठीचा ठोका. पुरुषांची बाकडी मागे पडली. ती मोकळी सोडलेली जागा आली, तीही त्यांनी ओलांडली. बाकड्यापाशी त्या थांबल्या. वर आठवड्याची धूळ होती. मला वाटलं, आता पदराने पुसतील. त्यांनी पुसली नाही. तशाच, धुळीत, मधोमध बसल्या. वेत करकरला.

मी, चाळीस पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, छताकडे बघितलं! छत जागच्या जागी होतं. दानीएलकाका अर्धवट उठले होते, ते तसेच हात जोडून उभे राहिले, डोळे लहान मुलासारखे मोठे झालेले. एवढं थोर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि पाहिलं काय, तर एक म्हातारी बाकड्यावर बसली.

"बोल," आत्याबाई म्हणाल्या.

एंजेला पुन्हा बोलू लागली. आत्याबाई एकेका वाक्याला मान डोलवत होत्या, मधेच हसत होत्या. पाचसात वाक्यं झाली असतील, तोच त्यांनी हात वर केला. "थांब, पोरी." त्या बाकड्यावर पूर्ण मागे वळल्या आणि दाराकडे बघून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बोलल्या.

"मालन! माझं कान धडधाकट हुतं, तवाबी मला तिथं निम्मं समजत नव्हतं. मला वाटायचं, आपल्यालाच अक्कल न्हाई. तसं न्हाई गं. तिथवर आवाजच येत न्हाई. ऊठ. इकडं ये."

मालनबाई उठल्या, आणि त्यांच्यामागून दाराशी बसलेल्या सगळ्याच.