मान सांभाळ

सत्तावीस वर्षं मी बाई होतो आहे, दर वर्षी एका दिवसापुरता, आणि आता मला त्याचा अगदी वीट आला आहे. गुडघे गेले. निम्मे पोस्टमनच्या नोकरीत गेले, उरलेले या जेनबाईच्या सोंगाने खाल्ले. झगा चढवायचा, छातीत लोकरीचे दोन गुंडे कोंबायचे, दाढी तशीच ठेवून ओठ रंगवायचे, टोपडं बांधायचं आणि जानेवारीच्या गारठ्यात बाहुली कडेवर घेऊन ओरडायचं, "कुठाय तो टॉम? ये मेल्या, आपलं पोर घे!" एकसष्टाव्या वर्षी हे कुणी करू नये. जेराल्डला तसं मी दर वर्षी सांगतो. जेराल्ड कट्स आमचा खाटीक, नाटकातला डॉक्टर आणि सगळ्या खटाटोपाचा मुकादम. तो म्हणतो, "पुढच्या वर्षी बघू, नेव्ह."

नाताळची सुटी संपून शेतीची कामं पुन्हा धरायची वेळ आली की आमच्या सॅलथॉर्पात, इंग्लंडातल्या या खेड्यात, नांगर-सोमवार येतो. पूर्वी नांगर घेऊन गडी दारोदार फिरायचे, आता आम्ही तोच नांगर ओढत शाळेत जातो आणि मग पबमध्ये. नाटक म्हणजे तरी काय, एक शिपाई मरतो, डॉक्टर त्याला उठवतो. लोक येतात ते मधल्या तुकड्यासाठी. जेनबाई बिनबापाचं पोर घेऊन खुळ्या टॉमसमोर उभी राहते, टॉम म्हणतो, "माझं नाही!" ती पोर त्याच्या अंगावर फेकते, तो परत फेकतो, असं चार-पाच वेळा. लोक पोट धरून हसतात. मीही सत्तावीस वर्षं हसत आलो.

आणि एक नियम आहे. त्या दिवशी झगेवाली कुणाला काहीही बोलली आणि तिला कुणी काहीही उत्तर दिलं, तरी ते दुसऱ्या दिवशी धरायचं नाही. एका वर्षी मी पबवाल्या डोरीनला भर गर्दीत म्हणालो होतो की तुझ्या बिअरमध्ये मासे पोहतील. दुसऱ्या दिवशी तिने तीच पाणचट बिअर हसत हसत माझ्यासमोर ठेवली. हा नियम मी माझ्या मुलीला ती पाच वर्षांची असताना शिकवला होता, कारण माझ्याकडे बघून ती रडायला लागली होती.

यंदा मात्र मला हसू येणार नव्हतं. माझ्या घरात खरंच एक पोर होतं. नेल, तीन महिन्यांची, माझ्या ब्रायोनीची. बाप कोण, ते ब्रायोनीला ठाऊक आणि त्या माणसाला.

"नाव सांग," मी दवाखान्यातच म्हणालो होतो.

"तो स्वतः चारचौघांत सांगेल तेव्हा कळेल तुला," ती म्हणाली. "तुझ्या त्या जेनबाईसारखी पोर घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहणार नाही, बाबा."

तिची आई ती नऊ वर्षांची असताना ऊन पाहिजे म्हणून स्पेनला गेली, बरोबर दुसरा नवराही घेऊन गेली. पोरीला मी वाढवलं, त्यामुळे तिच्या हट्टाबद्दल बोल लावायला दुसरं कुणी नाही.

मीही काही कमी शहाणपणा केला नाही. नोव्हेंबरात दोन ग्लास पोटात गेल्यावर पबमध्ये उभा राहून मी गर्जना केली, "कोण आहे तो कळू दे, नांगराला जुंपून गावभर फिरवतो!" चाळीस माणसांनी ऐकलं. लोकांनी पाठ थोपटली, माझी छाती फुगली. तीस वर्षं मी या गावात कुणाचं पत्र कुणाच्या दारात पडतं ते बघत आलो, आणि माझ्याच घरी आलेल्या पाकिटावरचं नाव मला वाचता येत नव्हतं. याची मला लाज वाटायची. ब्रायोनीची नव्हे, माझी.

डिसेंबरात तालमी सुरू झाल्या. जुना टॉम लीड्सला मुलाकडे राहायला गेला होता, म्हणून जेराल्डने जोएल पास्कला धरून आणलं. सव्वीस वर्षांचा पोरगा, पाटचाऱ्या उपसायचं मशीन चालवतो. बोलायला सांगितलं की बुटांकडे बघतो. पोर म्हणून आम्ही एक गुंडाळलेला कोट वापरत होतो, कारण जुनी बाहुली उंदरांनी फस्त केली होती. जोएल कोट झेलायचा ठीक, फेकायचाही ठीक, पण "माझं नाही" म्हणताना त्याचा आवाज बसायचा.

"अरे बाबा," मी त्याच्यावर खेकसलो, "तुला काही कबूल करायचं नाहीये, नाकारायचंय! त्याला कसली लाज? जोरात बोल!"

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, काय ध्यान आणलंय जेराल्डने.

तालीम संपल्यावर मी जेराल्डला बाजूला घेतलं. "यंदा तो पोराचा तुकडा गाळू या."

"नेव्ह, तो गाळला तर उरतं काय? मी मेलेल्याला उठवतो ते बघायला कोण मरायला येतंय थंडीत?"

"माझ्या घरात पोर आहे, जेराल्ड."

"म्हणून तर यंदा गर्दी होईल," तो बोलून गेला, आणि मग निदान त्याने मान तरी खाली घातली. पण गाळायचं काही त्याने कबूल केलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी ब्रायोनीकडे जाऊन नवी बाहुली शिवून मागितली. ती घरी शिवणकाम करते. मला वाटलं, दार आपटेल त्याच्या तोंडावर. ती हो म्हणाली.

नेल झाल्यापासून आमच्या घरात एकच घोष चालू असतो. मी तिला उचललं की, "मान, बाबा, मान!" शेजारीण आली की, "मान सांभाळा हं." नर्सलासुद्धा तिने सुनावलं. सोमवारच्या आधी चार दिवस मी गुडघ्यांच्या व्यायामाहून परत आलो, दर मंगळवारी जातो तो यंदा सुट्यांमुळे गुरुवारी होता. स्वयंपाकघरात दोन कप पालथे घातलेले होते आणि टेबलावर बाहुली होती.

"नर्स आली होती?" मी विचारलं.

"हं," ती म्हणाली. "ही बघ, कशी झालीय?"

मी उचलली. कापडाची, आत गहू भरलेला. वजन ओळखीचं वाटलं.

"नेलइतकीच केलीय," ब्रायोनी म्हणाली. "काट्यावर तोलून."

"मान ढिली शिवलीयस."

"बाळाची तशीच असते."

"हिला फेकायचंय, ब्रायोनी."

"मग फेक."

मी बसलो. गुडघ्यातून कळ आली. "तू बघायला येऊ नकोस. लोक तुझ्याकडे बघून हसतील."

"हसू देत. मी मागे उभी राहीन, नेलला घेऊन." तिने सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. "कोण हसत नाही, ते मला बघायचंय."

सोमवारी सकाळी शाळेत तो तुकडा आम्ही करत नाही, मुख्याध्यापिकेला तो आवडत नाही. दुपारी तीनला पबमध्ये पोचलो. जेराल्डचं खरं ठरलं, पाय ठेवायला जागा नव्हती. डोरीनने मटाराचं सूप ठेवलं होतं, काचा वाफेने धुरकटल्या होत्या. ब्रायोनी मागे कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी होती, नेल छातीशी बांधलेली, झोपलेली. मी दारातून आत शिरलो आणि ओरडलो. लोकांचे डोळे माझ्यावरून मागे गेले, ब्रायोनीवर थांबले आणि हळूच परत आले. मला तो झगा फाडून फेकावासा वाटला. पण सत्तावीस वर्षांची सवय, तोंड आपोआप चालतं.

"ये मेल्या, आपलं पोर घे!"

जोएल पुढे आला, तोंड लाल-निळ्या रंगाने माखलेलं, टोपीला घुंगरं. मी बाहुली फेकली. फार उंच नाही, खांद्यातही आता तेवढा जोर नाही.

तालमीत कोट तो दोन्ही हातांनी कमरेत धरायचा. आता त्याचा एक हात खाली गेला आणि दुसरा, त्यालाही कळायच्या आत, डोक्याखाली गेला. गव्हाने भरलेलं ते डोकं मागे कलंडायला लागलं तोवर त्याचा तळवा तिथे पोचलेला होता.

माणूस पार्सल कसं झेलतो ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. आणि हे कुणाला जन्मतः येत नाही. चोवीस वर्षांपूर्वी मलाही येत नव्हतं, एका दाईने माझ्या मनगटावर चापट मारली होती. पन्नासदा कुणी तरी ओरडावं लागतं, तेव्हा हात असा जातो. आमच्या गावात सध्या असं ओरडणारी एकच बाई आहे. मला ते दोन कप आठवले. मंगळवारी मी व्यायामाला गेलो की दर वेळी ते पालथे असायचे, आणि मला नर्सचं कौतुक वाटायचं.

जोएल उभाच राहिला. बोलायची पाळी त्याची होती.

"माझं नाही!" जेराल्ड मागून फिस्कारला. "म्हण, माझं नाही!"

लोकांना वाटलं, विसरला. हसायला लागले. गल्ल्याजवळून कुणी तरी ओरडलं, "अरे, नाक बघ त्याचं, तुझंच आहे!"

राग आला मला, खोटं का बोलू? तीन महिने दातांखाली धरलेला राग होता. नांगर बाहेर दारातच उभा होता, अंगात झगा होता, त्या दिवशी मी त्याला काहीही बोललो असतो तरी माफ होतं. पण ते डोकं त्याने अजूनही खाली पडू दिलं नव्हतं. मी ब्रायोनीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. या वयात रागसुद्धा फार वेळ उभा राहत नाही, तोही थकतो. मी जवळ सरकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "बोल की रे. काय असेल ते बोल."

"माझी आहे," जोएल म्हणाला.

त्या बाहुलीला आम्ही कधीच मुलगी म्हटलेलं नाही. पोर ते पोर. पण कुणाच्या ध्यानात आलं? पब नुसता फुटला. सत्तावीस वर्षांत मी असा हशा ऐकला नव्हता. लोकांनी टेबलं बडवली, डोरीनच्या डोळ्यांतून पाणी आलं, जेराल्डने प्रसंग ओळखून शिपायाला घाईघाईने मरायला लावलं आणि पुढचं नाटक उरकलं. नंतर जो तो जोएलची पाठ थोपटत होता, "काय फिरवलंस रे नाटक! भन्नाट!" जोएल बाहुली छातीशी धरून मोरीच्या दिशेने पळाला.

मी गर्दीतून वाट काढत मागे गेलो. "ऐकलंस?"

"ऐकलं," ब्रायोनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि जबडा घट्ट होता. माझाच जबडा.

"मग?"

"मग काय? झगेवालीला दिलेलं उत्तर धरायचं नसतं. तूच शिकवलंस." तिने नेलच्या टोपीची नाडी सारखी केली. "आधी तोंड धुऊन ये म्हणावं त्याला."

मोरीत जोएल बेसिनवर वाकला होता. थंड पाण्याने रंग निघत नव्हता, नुसता कानांपर्यंत पसरला होता. बाहुली त्याने कागदी रुमालांच्या पेटीवर नीट आडवी ठेवलेली होती. आरशात त्याने मला पाहिलं, दाढी, लाल ओठ, टोपडं, आणि तो ताठ उभा राहिला.

"जुंपायचं तर जुंपा, नेव्ह."

"जुंपतो कसला! मला जिना चढवत नाही."

"मी येणार होतो तुमच्याकडे. नोव्हेंबरातच. त्या दिवशी आलोही होतो इथपर्यंत. दारात होतो, तुम्ही बोलत होता तेव्हा."

चाळीस माणसांनी पाठ थोपटली होती आणि एक माणूस दारातून परत गेला होता. केवढा मोठा गाढव मी. दोन महिने माझी पोर रात्री एकटी जागत होती ती माझ्या त्या एका वाक्यापायी.

"पाण्याने नाही जात तो रंग," मी म्हणालो. "इकडे ये."

झग्याच्या खिशात माझी क्रीमची डबी असते. बोटभर क्रीम त्याच्या गालांवर थापलं, परकराचं टोक वर उचललं आणि त्याचं तोंड पुसायला घेतलं. त्याने लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले. कपाळ, नाक, कानांच्या मागे.

"मान वर कर," मी म्हणालो. त्याने केली. हनुवटीखाली अजून निळं होतं, तेही पुसलं. खाली एक साधा, घाबरलेला, लाल झालेला चेहरा निघाला. पाटचाऱ्या उपसणारा. वाईट नव्हता.

"जा," मी म्हणालो. "आणि मोठ्याने. तालमीत बोलायचास तसं नको."

तो गेला. मी तिथेच पालथ्या घातलेल्या बादलीवर बसलो, गुडघ्यांनी उठायला साफ नकार दिला होता. दार अर्धं उघडं होतं. बाहेर गाणं लागलेलं होतं, ग्लास वाजत होते.

"डोरीन, ते गाणं जरा बंद करा," जोएलचा आवाज आला. गाणं थांबलं. "मघाशी बोललो ते नाटकातलं नव्हतं. नेल माझी आहे. मी बाप आहे तिचा."

कुणी तरी फिसकन हसलं, मग त्याच्या लक्षात आलं असावं. हसणं अर्ध्यावर थांबलं. मला सुपाच्या भांड्याचं झाकण खडखडताना ऐकू आलं. मी झग्यात बसून रडत होतो, ओठांवरचा रंग दाढीत उतरत होता, आणि पुढच्या वर्षी हे असलं सोंग करणार नाही, काही झालं तरी नाही, असं मनात म्हणत होतो.

मग ब्रायोनीचा आवाज आला, रोजच्यासारखा, जरा खेकसणारा.

"घे मग. आणि मान सांभाळ."