बासिलियानं पेटी बाहेर आणली

या, असे पुढं सरकून बसा. देवळातलं गाणं आत्ताच थांबलंय, मन अजून ओलं आहे, तेवढ्यात आमच्या सान गास्पारच्या बासिलियाची गोष्ट ऐका.

ग्वातेमालात निवडणूक होती. राष्ट्राध्यक्षापासून नगराध्यक्षापर्यंत सगळे एकाच दिवशी निवडायचे. शाळेच्या एका खोलीतल्या मतदानाची प्रमुख म्हणून बासिलियाला नेमलं होतं. पेटी जिवापाड जपेन, अशी शपथ तिनं सकाळी घेतली होती, आणि देवाच्या नावानं काढलेला शब्द तिच्या लेखी साधा नव्हता.

दुपारी गावभर झालं, की ट्रक भरून परकी माणसं मतं द्यायला आणलीत. खोटं नव्हतं ते. त्यांचे पत्ते वर्षभर आधीच कागदोपत्री आमच्या गावात आणून ठेवले होते. लोक काठ्या घेऊन निघाले तसा ट्रकवाला पळाला. खोलीतले बाकीचे कर्मचारी मागच्या भिंतीवरून उड्या टाकून गेले. बघता बघता शाळेला चारी बाजूंनी गराडा पडला. बासिलियानं दाराला कडी घातली, वळून बघते तो पेटीमागं एक बाई अंग चोरून बसलेली.

बोटाला मतदानाची शाई आणि अंगात तांबडं उइपिल, हातानं विणलेलं पोलकं. इथं गावागावाची वीण वेगळी. आमच्या बायकांचं उइपिल निळं, तांबडं दरीपलीकडच्या सान्ता इनेसचं. चोरून मत द्यायला येणारी बाई आपल्या गावाची खूण अंगावर मिरवत येईल का? पण या बाईला, तोमासाला, ही चोरी आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. छपराला पत्रे मिळतील म्हणाले होते. मताला जायचं म्हणजे सणाला जायचं, म्हणून बिचारी ठेवणीतलं घालून आली होती.

"ताई, मला त्यांच्या हाती देऊ नका," एवढंच ती म्हणाली.

दाराच्या फटीतून रॉकेलचा वास येत होता. बाहेर सगळ्यांत पुढं होता बासिलियाचा सख्खा थोरला भाऊ, सेबेरियानो. मागच्या खेपेला अशाच परक्या मतांवर निवडून आलेल्यानं गावचा झरा विकला होता. सेबेरियानोचा राग काही उगाच नव्हता.

"बासी, पेटी दे, नाहीतर आत लपलीय तिला दे. नुसतं तोंड बघून परत जायला हे काय बारसं आहे?"

तिला इजा करणार नाही असं देवासमोर सांग, म्हणून बासिलियानं आतून विनवलं. बाहेर तो घुटमळला. मग दाराला तोंड लावून हळूच म्हणाला, "माझं सांगतो गं. मागच्यांचं नाही सांगवत."

बासिलिया गुडघ्यांवर बसली. पेटीत अख्ख्या गावाची मतं होती. तिच्या म्हाताऱ्या आईला सकाळी खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं, तिचंही. तिनं देवाला वाट विचारली. तेवढ्यात दाराची फळी तडकली.

ती उठली आणि अंगातलं निळं उइपिल उतरवून तोमासाच्या हाती दिलं. "हे घाल, तुझं मला दे. सगळे माझ्याकडं धावले की भिंतीच्या कडेनं नीघ. बोलू नकोस, बोललीस की कळेल कुठली ते."

तांबडं उइपिल घालून वरून शाल घट्ट लपेटली, पेटी छातीशी धरली आणि तिनं स्वतःच्या हातानं कडी काढली. लोकांची झुंबड पेटीवर पडली. कागद पेटले, गाव ओरडत आगीभोवती गोळा झालं, आणि शेकडो निळ्यांतली एक निळी बाई भिंतीच्या कडेनं गेली.

पेटी हिसकावताना बासिलियाची शाल निसटली होती. तिचं तांबडं उइपिल पहिल्यांदा भावानंच पाहिलं.

"कुठं गेली ती?"

बासिलियानं भिंतीकडं नजरही वळवली नाही.

"बासी, बोल. नाहीतर हे तुलाच धरतील."

"धरू देत, दादा."

तो तिच्यापुढं हात पसरून उभा राहिला खरा, पण लोकांनी त्याला बाजूला ढकललं. मग दगड आले. पोलिसांनी तिला अर्धमेल्या अवस्थेत बाहेर काढलं आणि पुढं तिच्यावरच खटला भरला. दार तिनंच उघडलं होतं, पेटी तिनंच बाहेर आणली होती. कशासाठी, ते ती कोर्टात बोलली नाही. तोमासाचं नाव निघालं असतं तर तीही आत आली असती.

अजून ती तुरुंगात आहे. शपथ मोडल्याचं तिला रात्रंदिवस डाचतं. भेटायला जाईल त्याला एकच विचारते, सान्ता इनेसहून काही कळलं का? काही कळलेलं नाही. त्या दिवशी दरीच्या रस्त्यावर वळणावळणाला माणसं काठ्या घेऊन उभी होती. बाई घरी पोचली की नाही, देवच जाणे.

माझ्यासाठी प्रार्थना नको, असं बासिलियाचं म्हणणं. तिची विनवणी तेवढी तुमच्या पदरात घालतो. आज हात जोडाल तेव्हा सान्ता इनेसच्या तोमासाला आठवा.