अंबिकाबाईंची जागा

"माझ्यावर फुली का मारलीय ही?" अंबिकाबाईंनी कागदावर बोट टेकवून विचारलं.

रुचिताला हसू आवरलं नाही. अंबिकाबाईंच्या मुलाच्या, यतीनच्या, मसाल्याची वेबसाइट तीच करणार होती आणि कागदावर होती तिची वायरफ्रेम. नुसत्या करड्या चौकटी, ना रंग ना चित्र. सगळ्यात वरच्या मोठ्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली होती आणि खाली लिहिलं होतं, 'अंबिकाबाई'. घर बांधण्याआधी चुन्याने आखतात तसंच हे, तिने समजावलं. कुठे काय येणार ते आधी ठरवायचं, रंगरंगोटी मागाहून.

"काकू, फुली म्हणजे इथे फोटो येणार. तुमची जागा धरून ठेवलीय."

आजवर अंबिकाबाईंसाठी कोणी जागा धरून ठेवली नव्हती. लग्न होऊन रत्नागिरीहून भाईंदरला आल्या, नवरा लवकर गेला, आणि मग मिरच्या भाजायच्या नि सोसायट्यांचे जिने चढून मसाला विकायचा, एवढंच आयुष्य झालं. दारोदारी त्या 'मसालेवाली'. नाव विचारायची कोणाला गरजच पडली नाही. दुसऱ्याच दिवशी ठेवणीतली साडी नेसून त्या स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटो काढून आल्या आणि शेजारच्या सुचेतालाही सांगून मोकळ्या झाल्या.

यतीनने फोटो पाहून तोंड वाकडं केलं. हात फारच भाजलेले दिसतायत, गिऱ्हाईक बिचकेल, असं त्याने रुचिताला फोनवर सांगितलं. तिने वाद घातला, पण वायरफ्रेममध्ये फक्त जागा ठरते. तिथे कोणाला बसवायचं ते ज्याची साइट तो ठरवणार. आई मागेच उभी आहे हे त्याला फोन ठेवल्यावर कळलं.

"आई, तू तर घरचीच आहेस ना," तो म्हणाला. "साइटवर जरा प्रोफेशनल चेहरा लागतो."

घरचं माणूस म्हणजे गृहीत धरायचं माणूस, हे पोराने किती गोड शब्दांत सांगितलं! अंबिकाबाईंच्या काळजाला घरं पडली.

साइट सुरू झाली. वरच्या चौकटीत नथ घातलेली एक गोरीपान मॉडेल खलबत्ता धरून हसत होती. खाली लिहिलं होतं, 'आमच्या आईच्या हातचा मसाला'. ऑर्डरी भराभर येऊ लागल्या.

सुचेता मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "काकू, ही कोण बाई?"

अंबिकाबाई मिरच्या भाजत होत्या. झारा न थांबवता त्यांनी एकदाच स्क्रीनकडे पाहिलं.

"मालकीण," त्या म्हणाल्या. "सरक जरा, ठसका लागेल तुला."